डॉ. विल्यम डुबॉइस : दारिद्र्याच्या कारणांचा शोध घेणारा विद्वान

आपल्या ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा परिपाठ आहे. ती बहुधा आपल्याच देशातील संत, वीर व समाजसुधारक ह्यांची असतात. ह्या खेपेस आम्ही वाचकांस सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत नेत आहोत, ह्याचे कित्येकांस नवल वाटेल. पण ज्या प्रश्नाने ह्या पुरुषाचे सारे आयुष्य व्यापून टाकले, तो प्रश्न आपल्या सभासंमेलनांतूनही वारंवार निघतो. एखादा समाज गरीब राहतो तो कशामुळे? स्वतःच्या आळसामुळे, व्यसनांमुळे व अज्ञानामुळे, की त्याच्या वाटेत इतरांनी उभारलेल्या भिंतींमुळे? आपल्यातील सुस्थित मंडळी बहुधा पहिले उत्तर देतात. अर्ज करून करून थकलेला तरुण दुसरे देतो. दोघेही आपल्या अनुभवास धरून बोलतात, आणि वाद तेथेच थांबतो. डॉ. विल्यम एडवर्ड बर्घार्ट डुबॉइस ह्यांनी तो वाद तेथे थांबू दिला नाही. घरोघर जाऊन, आकडे गोळा करून, जमिनीचे व कर्जाचे हिशेब तपासून त्यांनी त्याचे उत्तर शोधले. म्हणून त्यांचे चरित्र आपल्या कुटुंबांतून वाचले जावे, असे आम्हांस वाटते.

बालपण व विद्यार्जन

डुबॉइस ह्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1868 रोजी मॅसॅच्युसेट्स संस्थानातील ग्रेट बॅरिंग्टन ह्या लहानशा गावी झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे लोटली होती. वडील लहानपणीच घर सोडून गेले. आईने हालअपेष्टा सोसून मुलास वाढविले. गावात कृष्णवर्णीयांची वस्ती अगदी थोडी असल्याने मुलगा गोऱ्या मुलांबरोबरच शिकला आणि शाळेत त्यांच्या पुढे गेला. शालेय शिक्षण संपते न संपते तोच आई वारली. गावातील चर्चच्या मंडळींनी वर्गणी जमवून ह्या हुशार मुलास टेनेसी संस्थानातील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात धाडले. एका निराधार मुलासाठी गावाने काढलेली ती वर्गणी पुढे साऱ्या जगास किती फळली, हे आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीस देणगी देताना प्रत्येकाने आठवावे.

फिस्क येथे असताना उन्हाळ्याच्या सुटीत ते टेनेसीच्या खेड्यांत शाळा चालवीत. दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांचे दैन्य त्यांनी प्रथम पाहिले ते तेथे. पुढे हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस प्रवेश दिला, परंतु फिस्कची पदवी पुरेशी न मानता बी. ए. पुन्हा करावयास लाविले. ते 1890 साली पदवीधर झाले. 1892 साली ते शिष्यवृत्तीवर बर्लिनला गेले व तेथे अर्थशास्त्र शिकले. पण शिष्यवृत्तीची मुदत न वाढविल्यामुळे जर्मन पदवी न घेताच त्यांस परतावे लागले. 1895 साली हार्वर्डने त्यांस डॉक्टरेट दिली. त्या विद्यापीठाची ही पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. अमेरिकेत होणारा आफ्रिकी गुलामांचा व्यापार बंद पाडण्याचे प्रयत्न, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

फिलाडेल्फियातील शोध

त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याविषयी विद्वानांत एक मत रूढ होत चालले होते. 1896 साली एका मोठ्या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन ह्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीयांतील रोगराई, मृत्यू व गुन्हे ह्यांचे कारण त्यांच्या रक्तातच आहे व हा वंश हळूहळू नामशेष होणार, असे त्यात प्रतिपादन होते. ह्याच विमा कंपनीने 1881 सालापासून कृष्णवर्णीयांस तेवढ्याच हप्त्यावर एकतृतीयांश कमी रक्कम देण्याचे धोरण स्वीकारले होते, हे लक्षात घेतले म्हणजे अशा सिद्धान्ताचा व्यवहारात काय उपयोग होतो हे कळते. डुबॉइस ह्यांनी ह्या ग्रंथाचे परीक्षण लिहिले. युरोपातील कित्येक गोऱ्या शहरांतही मृत्यूचे प्रमाण असेच मोठे होते, मग तेथे दोष रक्ताचा की गलिच्छ वस्त्यांचा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

पण नुसत्या परीक्षणाने त्यांचे समाधान होणारे नव्हते. 1896 साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने त्यांस फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीयांची पाहणी करण्याचे काम दिले. पगार अल्प, अधिकार नाममात्र आणि अध्यापकांच्या यादीत नाव नाही, अशी ती नेमणूक होती. नवविवाहित पत्नी नीना ह्यांस घेऊन ते शहराच्या सातव्या वॉर्डात, त्या दरिद्री वस्तीतच बिऱ्हाड करून राहिले. सुमारे 2,500 घरांत ते स्वतः जाऊन बसले. कुटुंबात माणसे किती, मिळवती किती, धंदा कोणता, भाडे किती, वाचता येते की नाही, हे सारे त्यांनी टिपले. त्या वॉर्डातील 9,000 हून अधिक कृष्णवर्णीयांचे जीवन त्यांच्या वह्यांत उतरले. ह्या पाहणीचा ग्रंथ 1899 साली प्रसिद्ध झाला, आणि अमेरिकेतील समाजशास्त्राच्या आरंभीच्या मोठ्या ग्रंथांत आज त्याची गणना होते.

त्यात त्यांस काय आढळले? कृष्णवर्णीयांस वाईट घरांसाठीही जास्त भाडे द्यावे लागे, कारण इतर भागांत त्यांस कोणी घर देत नसे. कारखाने व कारागिरांच्या संघटना त्यांस दाराशी उभे करीत नसत, म्हणून शिकलेला माणूसही घरगडी किंवा वाढपी होई. यंत्रशास्त्राच्या एका कृष्णवर्णीय पदवीधराची हकीकत त्यांनी नोंदविली आहे. जाहिरात पाहून त्याने अर्ज केला. उत्तम शिफारशींमुळे त्यास नोकरी मिळाली. पण त्याचा वर्ण कळताच काही तासांतच त्यास काढून टाकण्यात आले. पुढे तो एका क्लबात वाढप्याचे काम करीत होता. ह्या तरुणाच्या अंगी उद्योग नव्हता असे कोण म्हणेल?

तथापि डुबॉइस ह्यांनी आपल्या समाजाचे दोष झाकले नाहीत. गुन्हेगारी, विस्कटलेली कुटुंबे, चैनीवरील खर्च ह्यांवर त्यांनी कठोर शब्दांत लिहिले. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी कृष्णवर्णीयांची कर्तव्ये वेगळी सांगितली व गोऱ्यांची वेगळी. एकाच्या कर्तव्यच्युतीने दुसऱ्याचे कर्तव्य सुटत नाही, हा त्यांचा दृष्टिकोण होता. आपल्या सभांतील वाद ज्या ठिकाणी अडतो, नेमक्या त्याच ठिकाणी त्यांनी वाट काढली, असे आम्हांस वाटते.

कर्जाचा फास

1897 साली ते जॉर्जिया संस्थानातील अटलांटा विद्यापीठात अध्यापक झाले. तेथून दरवर्षी एकेक विषय घेऊन पाहण्यांची मालिका त्यांनी काढली. डोअर्टी परगण्यातील शेतकऱ्यांची त्यांनी दिलेली माहिती आपल्याकडील शेतकऱ्यास परकी वाटणार नाही. गुलामगिरी गेली, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. मोकळा झालेला माणूस त्यांचीच जमीन कुळ म्हणून करू लागला. बी, धान्य, कापड हे सारे दुकानदाराकडून उधारीवर घ्यावयाचे व उभे पीक तारण लावावयाचे. 1898 सालच्या हिशेबानुसार 300 कुळांपैकी 175 कुटुंबे वर्षाअखेर एकूण 14,000 डॉलर कर्जात राहिली. 50 कुटुंबांच्या हाती काहीच उरले नाही. उरलेल्या 75 कुटुंबांचा मिळून नफा अवघा 1,600 डॉलर झाला. वर्षभर राबून ज्याच्या पदरी कर्जच पडते, त्याचा पुढच्या वर्षी काम करण्याचा हुरूप गेला तर त्यास आळशी म्हणावे काय? पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी 1875 साली सावकारांच्या वह्या का जाळल्या, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांस हा हिशेब समजावून सांगावयास नको.

ह्याच कुळांच्या समाजातून काही माणसे काटकसरीने वर येत होती, हेही डुबॉइस ह्यांनी जगास दाखविले. 1900 सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हातांनी रंगविलेले आलेख पाठविले. जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या मालकीची जमीन पंचवीस वर्षांत सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यांतून दिसत होते. ह्या कामगिरीबद्दल त्यांस सुवर्णपदक मिळाले.

पण 1899 ह्या एकाच वर्षी दोन आघातांनी त्यांचे आयुष्य पालटले. एप्रिल महिन्यात सॅम होज नावाच्या कृष्णवर्णीय मजुरास जॉर्जियात जमावाने जिवंत जाळले. त्याविषयी विचारपूर्वक लिहिलेले निवेदन घेऊन डुबॉइस वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले असता, त्या अभाग्याच्या हाताची हाडे वाटेवरील एका दुकानात मांडून ठेविल्याचे त्यांच्या कानी आले. ते तसेच घरी परतले. पुढच्याच महिन्यात त्यांचा दीड वर्षाचा एकुलता मुलगा घटसर्पाने दगावला. कृष्णवर्णीयांच्या घरी येणारे डॉक्टर त्या शहरात मोजकेच होते, आणि वेळेवर कोणी मिळाला नाही. माणसे अशी जाळली जात असता केवळ आकडे मांडून सत्य पटविता येईल, हा त्यांचा विश्वास तेव्हापासून डळमळला.

वॉशिंग्टन ह्यांच्याशी वाद

त्या काळी कृष्णवर्णीयांचे सर्वांत मोठे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन हे होते. गुलामाच्या झोपडीत जन्मलेल्या ह्या कर्त्या पुरुषाने 1881 पासून अलाबामातील टस्कीगी येथे औद्योगिक शिक्षणाची संस्था उभारली होती. तेथील विद्यार्थी स्वतः विटा भाजीत व स्वतःच्या हातांनी इमारती बांधीत. 18 सप्टेंबर 1895 रोजी अटलांटा येथील भाषणात वॉशिंग्टन ह्यांनी आपल्या लोकांस असा उपदेश केला की, मताधिकाराचा व सामाजिक समानतेचा आग्रह तूर्त बाजूस ठेवावा, हाताचे कौशल्य व बचत ह्यांच्या बळावर आधी आर्थिक पाया घालावा; मान आपोआप मागून येईल. डुबॉइस ह्यांनी प्रथम ह्या भाषणाबद्दल त्यांचे अभिनंदनच केले होते.

पण पुढील काही वर्षांत दक्षिणेकडील एकेका संस्थानाने कृष्णवर्णीयांचे मत काढून घेतले आणि आगगाडीपासून शाळेपर्यंत सर्वत्र वेगळेपणाचे कायदे केले. 1903 साली आपल्या निबंधसंग्रहात डुबॉइस ह्यांनी वॉशिंग्टन ह्यांच्या मार्गावर उघड टीका केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कारागिरी व काटकसर आवश्यकच आहे; पण ज्यास मत नाही त्याच्या मालमत्तेचे रक्षण कायदा करीत नाही; ज्याचा पदोपदी अपमान होतो त्याच्या अंगी स्वाभिमान टिकत नाही; आणि औद्योगिक शाळांना शिक्षक हवे असतील तर उच्च शिक्षणाची महाविद्यालये आधी हवीत.

ह्या वादात एकच बाजू सर्वस्वी खरी होती असे आम्ही म्हणणार नाही. वॉशिंग्टन हे दक्षिणेत, जमावाच्या छायेत राहून काम करीत होते. मताधिकार हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्ध खटले लढविण्यास त्यांनी गुप्तपणे पैसा पुरविला, हे त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांवरून उघड झाले. तरीही पुढील इतिहासाने डुबॉइस ह्यांच्या एका मुद्द्यास भयंकर पुष्टी दिली. ओक्लाहोमा संस्थानातील टल्सा शहरी ग्रीनवुड नावाची कृष्णवर्णीयांची भरभराटीची पेठ होती. दुकाने, हॉटेले, दवाखाने, सारे त्यांनी स्वतःच्या उद्योगाने उभे केले होते. 1921 साली 31 मे व 1 जून ह्या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ती जाळून बेचिराख केली. काटकसर व उद्योग ह्यांत ते लोक कोठे कमी पडले होते?

1915 साली वॉशिंग्टन वारले तेव्हा डुबॉइस ह्यांनी मृत्युलेखात त्यांची थोरवी मोकळेपणाने मान्य केली आणि त्यांच्या धोरणाने झालेले नुकसानही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले. मतभेद असावा पण मत्सर नसावा, हा धडा आपल्या कार्यकारी मंडळांनीही घेण्यासारखा आहे.

सार्वजनिक जीवन

1909 साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी गोऱ्या व काळ्या पुढाऱ्यांनी मिळून राष्ट्रीय संघटना स्थापिली. पुढच्याच वर्षी डुबॉइस न्यूयॉर्कला येऊन तिच्या मासिकाचे संपादक झाले. 'क्रायसिस' ह्या त्या मासिकाचा पहिला अंक 1,000 प्रतींचा होता. सुमारे दहा वर्षांत खप 1,00,000 वर गेला. गरीब घरांतही ते वाचले जाई.

17 मार्च 1929 रोजी शिकागो येथे हजारो श्रोत्यांसमोर त्यांचा जाहीर वादविवाद लोथ्रॉप स्टॉडर्ड ह्यांच्याशी झाला. स्टॉडर्ड हेही हार्वर्डचेच डॉक्टर असून गोऱ्यांच्या जन्मजात श्रेष्ठत्वाचे नामांकित पुरस्कर्ते होते. दोन्ही वर्णांस वेगळ्या पण समान सोयी देता येतील, असे सांगताना त्यांनी आगगाडीच्या डब्यांचे उदाहरण दिले. तोच सभागृह हास्यात बुडाले, कारण ते वेगळे डबे कसे असतात हे श्रोत्यांनी बसून अनुभविले होते. ज्याने कधी त्या डब्यातून प्रवास केला नाही त्याचा सिद्धान्त, ज्यांनी रोज केला त्यांच्या हसण्यापुढे टिकला नाही.

1935 साली त्यांचा सर्वांत मोठा इतिहासग्रंथ निघाला. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात कृष्णवर्णीय आपल्या नालायकीमुळे मागे पडले, असे तोवरचे इतिहासकार लिहीत. डुबॉइस ह्यांनी दाखविले की, 1865 साली मुक्त झालेल्या कुटुंबांस प्रत्येकी 40 एकरांपर्यंत जमीन देण्याचा लष्करी हुकूम निघाला होता, तो त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी फिरविला व बहुतेक जमीन जुन्या मालकांस परत मिळाली. मुक्त झालेल्यांच्या बचतीसाठी काढलेली बँक 1874 साली संचालकांच्या गैरव्यवहारामुळे बुडाली आणि सुमारे 61,000 ठेवीदारांचे जवळजवळ 30 लक्ष डॉलर अडकले. ज्यांस काटकसर शिकविली जात होती, त्यांची काटकसरच अशी लुटली गेली. ह्याच ग्रंथात त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. गरीब गोऱ्या मजुरास मजुरी थोडी मिळे, पण आपण काळ्याहून वरचे आहोत हा मान त्यास जोडीला मिळे. त्या मानाच्या लोभाने तो आपल्यासारख्याच गरिबाशी हात मिळवीत नसे, आणि दोघेही दरिद्री राहत. आपल्याखाली कोणीतरी आहे ह्या समाधानाची किंमत आपण किती मोजतो, हा प्रश्न आम्ही वाचकांच्या विचारासाठी ठेवितो.

भारताशी संबंध

महाराष्ट्राने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी 1873 साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केला होता. त्या वेळी डुबॉइस पाच वर्षांचे होते. पुढे 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी डुबॉइस ह्यांस पत्र लिहिले. आपण त्यांच्या समाजाच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत असे कळवून, संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागविल्या. त्याच वर्षीच्या 31 जुलैस डुबॉइस ह्यांनी उत्तर धाडून साहाय्याची तयारी व अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती व्यक्त केली. दोघांनीही आपापल्या लोकांच्या दारिद्र्याचे मूळ रक्तात न शोधता समाजाच्या रचनेत शोधले होते.

उत्तरायुष्य

डुबॉइस ह्यांचे सगळेच निर्णय बरोबर ठरले असे नाही. 1953 साली त्यांनी स्टालिनची केलेली स्तुती आज कोणासही पटणार नाही. 1934 साली, कृष्णवर्णीयांनी आपल्यापुरत्या सहकारी संस्था काढून वेगळेपणातच बळ मिळवावे, असे मत मांडल्यामुळे त्यांचे स्वतःच्या संघटनेशी बिनसले व त्यांनी संपादकपद सोडले. त्यांच्या ह्या मतात वॉशिंग्टन ह्यांच्या स्वावलंबनाचा काही अंश होता, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी येईल. प्रतिपक्षातील खरे ते कित्येक वर्षांनंतरही घेण्याचा मोठेपणा त्यांच्यापाशी होता.

1951 साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, शांतता चळवळीतील कार्याबद्दल सरकारने त्यांच्यावर खटला भरला. ते निर्दोष सुटले, तरी पुढे 1958 पर्यंत त्यांस परदेशी जाण्याचा परवाना मिळाला नाही. 1961 साली घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा ह्यांच्या निमंत्रणावरून ते आफ्रिकेचा ज्ञानकोश रचण्यासाठी अक्रा येथे गेले. तेथेच 27 ऑगस्ट 1963 रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन शहरी लक्षावधी लोक रोजगार व स्वातंत्र्य ह्यांसाठी मोर्चाने जमले होते. त्या सभेत त्यांच्या मृत्यूची वार्ता सांगण्यात आली.

त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र मिटला नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या 2022 सालच्या पाहणीनुसार मध्यम स्थितीतील गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे 2,85,000 डॉलर, तर तशाच कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे 45,000 डॉलर होती. त्याची कारणे कोणती, ह्यावर तेथे अद्याप वाद चालतो. बाप आपल्या मुलास जमीन, घर व बचत ठेवून जातो. ज्या बापास ती मिळूच दिली नाही, त्याचा मुलगा शर्यतीत मागून निघतो, हे डुबॉइस ह्यांनी शिकविलेले साधे सत्य त्या वादात विसरून चालणार नाही.

ज्ञातिबंधुभगिनींनो, ह्या चरित्रातून दोन गोष्टी आपण घराघरांत न्याव्यात अशी आमची विनंती आहे. आपल्यातील एखादे कुटुंब मागे राहिले तर त्यास दोष देण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन बसावे, त्याचे भाडे, कर्ज व मुलांच्या शाळा ह्यांची विचारपूस करावी. आणि जे माप आपण स्वतःस लावतो तेच आपल्याहून खालच्या मानल्या गेलेल्या समाजांसही लावावे. आपले दारिद्र्य परिस्थितीचे व त्यांचे मात्र स्वभावाचे, असा न्याय करू नये. एवढे झाले तरी ह्या दूरदेशीच्या विद्वानाचे स्मरण आपल्या स्मरणिकेत केल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.